नैरोबीत घर घेताना: आधी पाणी बघा, मग गेट, मग फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने दोन वर्षांसाठी नैरोबीला पाठवलंय, बरोबर पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी आहे. भारतीय शेजार मिळेल म्हणून पार्कलँड्स घ्यावं की किलेलेश्वा-लॅव्हिंग्टनकडे जावं? आणि नव्या वस्तीत रुळायला नक्की काय काय करावं लागतं?

नैरोबीत एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत जेवढा फरक असतो, तेवढा बरेचदा दोन वस्त्यांतही नसतो. म्हणून वस्तीचं नाव जरा मागे ठेवा आणि इमारतीचं पाणी व गेटवरची माणसं आधी बघा. या दोन्ही गोष्टी नीट असल्या तर बाकीचं महिनाभरात जमून जातं. नसल्या तर जिम आणि स्विमिंग पूल असलेल्या टॉवरमध्येही रोजचा वैताग.

नळाचं सरकारी पाणी बहुतेक भागांत रोज येत नाही, आठवड्यातले ठरलेले दिवस असतात. मधल्या दिवसांत इमारत जमिनीखालच्या टाकीवर, बोअरवेलवर किंवा टँकरवर चालते. टँकरला इथे 'बाउझर' म्हणतात आणि नेहमीचं माप १०,००० लिटरचं. चार माणसांचं घर दिवसाला साधारण ५०० लिटर वापरतं असं धरा. म्हणजे वीस फ्लॅटच्या इमारतीला एक बाउझर जेमतेम एक दिवस पुरतो. दलालाने "पाण्याचा काही प्रश्न नाही" असं सांगितलं तर ते सोडून द्या आणि केअरटेकरला तीन प्रश्न विचारा: नळाचं पाणी कुठल्या वारी येतं, टाकी किती लिटरची आहे, आणि बाउझरचे पैसे सर्व्हिस चार्जमध्ये धरलेत की वेगळे वाटून घेतात. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत तोच अंगावर येतो.

बोअरवेल असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. नैरोबीच्या भूजलात फ्लोराइड जास्त असण्याची तक्रार जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे आणि इथल्या अनेक बोअरवेल ती ओलांडतात. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं घट्टच होतं. साधा कँडलचा किंवा कोळशाचा फिल्टरही त्याला पुरत नाही, आरओ लागतो. सहा वर्षांच्या मुलीचे पक्के दात अजून तयार होतायत, त्यामुळे तुमच्या घरी यात हयगय नको. एकतर आरओ बसवा, नाहीतर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वीस लिटरच्या बाटल्या लावा. बोअरवेलचं पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नळाच्या तोंडाशी बरेचदा पांढरे थर दिसतात आणि चहाची चव बिघडते. फ्लोराइड मात्र चवीवरून कळत नाही, त्याचा तपासणी अहवाल व्यवस्थापनाकडे मागा.

अंघोळीच्या गरम पाण्याचंही इथूनच ठरतं. बऱ्याच फ्लॅटमध्ये गिझर नसतो, शॉवरच्या तोंडातच विजेचा हीटर असतो. त्याला 'इन्स्टंट शॉवर' म्हणतात. दुकानात तो दोन प्रकारचा मिळतो, गोड्या पाण्यासाठी आणि खाऱ्या पाण्यासाठी. बोअरवेलच्या इमारतीत गोड्या पाण्याचा शॉवर बसवला की कॉइल काही महिन्यांत जळते आणि घरमालक म्हणतो की भाडेकरूने जाळली. कॉइल थेट पाण्यात असल्याने अर्थिंग नसेल तर नळाला झटका बसतो. घर ताब्यात घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि शॉवरला स्वतंत्र ब्रेकर आहे का तेही बघा. साडेपाच किलोवॅटचा शॉवर रोज अर्धा तास चालला तर पावणेतीन युनिटं जातात, महिन्याला ऐंशीच्या वर. घरगुती विजेचा दर तीन महिन्यांच्या सरासरी वापरावर ठरतो आणि सरासरी १०० युनिटांपुढे गेली की वरचा दर लागतो. तेव्हा छतावर सोलर असलेली इमारत थोडी महाग असली तरी परवडते.

वीज बहुतेक ठिकाणी प्रीपेड आहे. मीटरचा नंबर ११ आकडी असतो. एम-पेसावरून (ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) केनिया पॉवर या वीज कंपनीच्या ८८८८८० या पेबिलला, म्हणजे बिल भरण्याच्या नंबरला, पैसे भरले की एसएमएसवर २० आकडी टोकन येतं आणि ते मीटरच्या कीपॅडवर दाबायचं. मीटर तुमच्याच फ्लॅटचा आहे ना, हे करार करण्याआधी खात्रीने बघा. त्यासाठी मीटरजवळचा स्विच पाडून तुमच्याच फ्लॅटचे दिवे जातात का, हे पाहणं पुरतं. आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर असेल तर तुमच्या टोकनमधून ती वळती होते, म्हणून घरमालकासमोरच लहान रकमेचं एक टोकन घेऊन बघा. भरलेले पैसे आणि मिळालेली युनिटं यांचा मेळ बसला नाही तर तिथेच विचारता येतं. घरमालकाचा स्वतःचा सबमीटर असेल तर दर युनिटला किती घेणार, हे करारात लिहून घ्या.

भारतातली मिक्सर, इस्त्री वगैरे उपकरणं चालतात, दाब २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. प्लग तेवढा ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा. अॅडॅप्टरांची माळ लावण्यापेक्षा वायरचा प्लगच बदलून घ्या. प्लगच्या आत फ्यूज असतो: ७५० वॅटच्या मिक्सरला ५ अँपिअरचा, इस्त्रीला १३ चा. फ्रिजला 'फ्रिजगार्ड', म्हणजे झटक्यापासून वाचवणारं उपकरण, लावल्याशिवाय तो चालू करू नका. वीज गेल्याने फ्रिज जळत नाही, ती परत येताना जो झटका देते त्याने जळतो.

गॅसचा सिलिंडर ६ किंवा १३ किलोचा. दोघांचे रेग्युलेटर वेगळे असतात आणि भारतातला दोन्हींना बसत नाही, तेव्हा तो आणू नका. कुकर मात्र नक्की आणा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला बराच जास्त वेळ लागतो. कुकरलाही पुण्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात.

आता गेट. इमारतीच्या आवाराला 'कंपाउंड' किंवा 'कोर्ट' म्हणतात आणि तुमची खरी वस्ती तेवढीच असते. भिंत, कुंपणावरची तार, लोखंडी फाटक, फाटकाशी 'अस्कारी' म्हणजे पहारेकरी. बोलताना त्याला 'सोजा' म्हणतात. तो बहुतेक एखाद्या सिक्युरिटी कंपनीचा नोकर असतो, बारा तासांची पाळी करतो आणि सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला बदलतो. घर बघायला संध्याकाळी पावणेसहाला जा. पाळी बदलताना वहीत नोंद होते का, आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघून आत फोन करतात का, की तुमची गाडी बघताच फाटक सताड उघडतं, हे पंधरा मिनिटांत दिसतं. गोऱ्या किंवा भारतीय चेहऱ्याला न विचारता आत सोडणारं फाटक कमकुवत समजा. पॅनिक बटण असेल तर ते दाबल्यावर मदतीची गाडी कुठून येते आणि किती मिनिटांत, हे विचारा आणि पहिल्याच आठवड्यात एकदा चाचणी घ्या.

राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी दोन्ही पाळ्यांच्या अस्कारींना, केअरटेकरला आणि झाडलोट करणाऱ्यांना स्वतः जाऊन भेटा. नाव सांगा, त्यांची नावं विचारा, फ्लॅटचा नंबर सांगा, मुलीला बरोबर न्या. मुलगी कुणाबरोबर बाहेर जाऊ शकते आणि कुणाबरोबर नाही, हे अस्कारीला त्याच वेळी सांगून ठेवा. इथे कामाचं बोलण्याआधी विचारपूस होते. "हबारी या असुबुही", म्हणजे सकाळ कशी चाललीय, एवढं म्हटल्याशिवाय थेट "नळ गळतोय" म्हणणं उर्मटपणाचं वाटतं. मुंबईच्या घाईत वाढलेल्या माणसाकडून ही चूक हमखास होते आणि मग तो तक्रार करत राहतो की केअरटेकर आपलंच काम मागे टाकतो. वयस्क माणसाला "शिकामो" म्हणा, उत्तर "माराहाबा" येईल. नैरोबीत तरुण मंडळी हे फारसं वापरत नाहीत, पण म्हाताऱ्या माणसांना ते आवडतं. कुणाचं काही बिघडलं, ठेच लागली, आजारपण आलं, तर "पोले".

वेळ ठरवताना जपा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, त्यामुळे 'सा ताटू' म्हणजे शब्दशः तीन वाजता असलं तरी आपले सकाळचे नऊ. फुंडी, म्हणजे प्लंबर-सुतार-मिस्त्री, इंग्रजीत 'थ्री' म्हणाला तर ते तीनच असतात. वेळ एका भाषेत ठरवून दुसऱ्या भाषेत पुन्हा विचारून घ्या. फुंडीला मजुरी आणि सामान यांचा वेगळा भाव विचारा, सामान हार्डवेअरच्या दुकानातून स्वतः आणा आणि मजुरी काम तपासून झाल्यावर द्या. आगाऊ सगळे पैसे घेतलेला फुंडी वाईटच असतो असं नाही, पण दुसऱ्या कामाचे पैसे दिसले की तो तिकडे जातो.

भाजीसाठी गेटाबाहेरची 'मामा म्बोगा' धरा. ही भाजीवाली. तिच्याकडे सुकुमा विकी (इथली रोजची पालेभाजी), टोमॅटो, कांदा, धने-कोथिंबीर (तिलाही 'धानिया'च म्हणतात) रोज ताजं असतं. एका जागी घेत राहिलात की ती पालेभाजी चिरूनही देते. शिवाय वस्तीत पाणी कधी येणार आणि कुठल्या गल्लीत काल फोन हिसकावला, ही माहिती तिच्याइतकी कुणाकडे नसते. मेथी, कारली, दुधी, गवार यांसाठी लिमुरू रोडवरचा सिटी पार्क बाजार, आणि मसाले, पोहे, पापडासाठी हायरिजमधला डायमंड प्लाझा. भाकरीची काळजी नको: ज्वारी म्हणजे 'म्टामा', नाचणी म्हणजे 'विंबी', बाजरी म्हणजे 'मावेले'. तयार पिठाच्या पुडीवर घटक नीट वाचा, कारण पेजेसाठी विकलं जाणारं विंबीचं पीठ पुष्कळदा मक्याबरोबर मिसळलेलं असतं आणि त्याची भाकरी थापताना फाटते. गव्हासाठी 'आटा मार्क १' मागा. पांढऱ्या होम बेकिंग पिठाच्या पोळ्या वातड होतात. मूग 'न्डेंगू', तूर 'म्बाझी', अळकुड्या 'न्डुमा', गूळ 'सुकारी नगुरू'. भातासाठी म्वेआचा पिशोरी तांदूळ सुवासिक असतो, पण त्यात भेसळ बरीच होते, म्हणून सुटा घेऊ नका. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर २८ ऑगस्ट २०१७ पासून कडक बंदी आहे, दंड लाखांत जातो. भारतातून सामान बांधताना कॅरीबॅगा आणू नका, कापडी पिशव्या आणा.

पैशांचा सगळा व्यवहार एम-पेसावर. पासपोर्ट दाखवून सिम घेतलं की त्याच दिवशी खातं उघडा. पेबिलला पैसे भरताना खातेक्रमांक विचारतो. भाड्यासाठी तो सहसा फ्लॅटचा नंबर असतो, आणि 'बी-४'च्या जागी 'बी४' टाकल्यामुळे भाडं 'न मिळाल्याची' पत्रं येतात. व्यवस्थापनाने जसा लिहून दिलाय तसाच टाका. भाडं केअरटेकरच्या वैयक्तिक नंबरवर कधीही पाठवू नका, तो कितीही भला असला तरी. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचा. चुकून भलतीकडे गेलेच तर तो एसएमएस लगेच ४५६ ला पुढे पाठवा. आणि "तुम्हाला चुकून पैसे आलेत, परत पाठवा" असा फोन आला तर स्वतःहून काही पाठवायचं नाही. खरंच चूक असेल तर त्याने ४५६ कडे जावं.

भाड्याबरोबर एक ते दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतात. घर आतून बघण्याआधी कुणालाही पैसे नकोत. भाडं डॉलरमध्ये सांगितलं तर शिलिंगमध्ये करून घ्या किंवा विनिमयाचा दर करारात बांधून घ्या. तुमची नोकरी मध्येच संपली तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल, असं कलम मागा, परदेशी भाडेकरूंना ते बरेचदा मिळतं. डिपॉझिट सर्वांत जास्त कापलं जातं ते रंगासाठी. जाताना रंग देऊन जायचं कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. ते काढत नसतील तर निदान आत जाताना भिंती, नळ, कपाटांची कडी-कोयंडे, ओट्याखालची ओल यांचा तारखेसह व्हिडिओ काढून व्यवस्थापनाला त्याच दिवशी मेल करा.

आता तुमचा पहिला प्रश्न. पार्कलँड्सची जमेची बाजू खरी आहे: मंदिरं, गुरुद्वारा, किराणा, आगा खान आणि एम. पी. शाह ही दोन मोठी रुग्णालयं चालत्या अंतरावर. एम. पी. शाह ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव शिवाची रोड. मराठी माणूस पाटी बघून थबकतोच, पण पत्ता सांगताना पाटीवरचाच उच्चार ठेवा. उणी बाजू अशी की जुने बंगले पाडून उंच इमारती झाल्यात, आणि पाण्याचा व पार्किंगचा ताण वाढलाय. भारतीय शेजार म्हणजे इथे मुख्यतः तीन-चार पिढ्यांपासूनचे गुजराती, पंजाबी, इस्मायली. केनिया सरकारने २०१७ मध्ये या समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. ही माणसं प्रेमळ आहेत, पण त्यांची गोतावळ्याची गणितं पक्की आहेत. नुसतं 'आपण भारतीय' म्हणून लगेच घरचे व्हाल ही अपेक्षा ठेवू नका. शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला भेटा, मात्र त्यासाठी त्याच वस्तीत राहण्याची गरज नाही.

किलेलेश्वा आणि किलिमानी फ्लॅटच्या वस्त्या आहेत, शेजारी मिश्र. इथे बाजूचा प्लॉट बघा. पत्र्याचं ताजं कुंपण आणि बांधकामाचा फलक दिसला तर दीड-दोन वर्षं ड्रिलचा आवाज ठरलेला. ओढ्याकाठचा तळमजला नको, मार्च ते मेच्या पावसात पाणी शिरतं. वेस्टलँड्समधल्या बारच्या गल्ल्यांजवळ घर बघत असाल तर शुक्रवारी रात्री अकराला पुन्हा एकदा जाऊन या. साउथ सी ही वस्ती स्वस्त आणि मुख्य विमानतळाला जवळ, पण विल्सन या दुसऱ्या, लहान विमानतळाची विमानं डोक्यावरून जातात आणि पावसात काही भाग तुंबतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी शाळेच्या बाजूचं घर घ्या, ऑफिसच्या बाजूचं नव्हे. शाळेच्या बसा सहा-साडेसहाला सुटतात आणि सगळ्यांत जास्त हाल तिचे होतात.

इमारतीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. त्यात स्वतःची ओळख फ्लॅट नंबरसह द्या आणि पहिले दोन आठवडे फक्त वाचा. कुणाकडे मयत झाली तर अंत्यविधीसाठी वर्गणी निघते, एम-पेसाने. ५०० शिलिंग दिलेत तरी चालतं, पण नाव यादीत दिसलं पाहिजे. कुठल्याही सोसायटीच्या बैठकीपेक्षा या यादीवरून शेजारी तुम्हाला जोखतात. शेजारणी 'चामा'त बोलावतील. ती आपली भिशीच. पण निदान सहा महिने ओळख झाल्याशिवाय पैसे घालू नका.

कामाला बाई ठेवलीत तर तोंडी ठरवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबीतल्या घरकामगाराचं किमान वेतन महिना १६,११३.७५ शिलिंग झालं, त्यानंतर वाढलंय का ते बघून घ्या. आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला किमान २१ दिवसांची पगारी रजा कायद्याने आहे. नुसते कपडे धुवायला 'मामा फुआ' दिवसाच्या मजुरीवर येते.

सुरक्षेचं थोडक्यात: अंधार पडल्यावर पायी नको, सिग्नलला गाडीची काच वर आणि फोन मांडीखाली, रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलायचं नाही, कारण बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून, येऊन हिसकावतात. मंगळसूत्र आणि सोन्याची साखळी घराबाहेर पडताना कपड्याच्या आत किंवा कपाटात. दिवसा कुठली पायवाट चालते आणि कुठली नाही, हे अस्कारीला विचारा.

कागदपत्रांत दोन गोष्टी राहून जातात. ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला फॉरेनर सर्टिफिकेट, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, काढावं लागतं, आणि त्याच्याशिवाय कर पिनपासून (आपल्या पॅनसारखा करक्रमांक) बँक खात्यापर्यंत सगळं अडतं, म्हणून वर्क परमिट हाती आल्याबरोबर अर्ज करा. दुसरी, पिवळ्या तापाची लस. केनियातून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. दिवाळीला घरी जायची तिकिटं काढण्याआधी तिघांची पिवळी कार्डं पासपोर्टबरोबर आहेत का ते बघा.